उमरखाडीतला उमर कोण? मुंबईच्या एका बुजलेल्या खाडीचं प्रकरण

उमरखाडी हे नाव मुंबईकराला भेटतं ते महापालिकेच्या बी वॉर्डातल्या विभागांच्या यादीत, डोंगरीच्या रिमांड होमच्या पत्त्यात, नाहीतर तिथल्या सेंट जोसेफ चर्चच्या नावापुढे. खाडी मात्र कुठेच दिसत नाही. डोंगरी आणि माझगाव यांच्या मधोमध दाटीवाटीनं उभ्या चाळी, दुकानं, गोदामं आणि जवळच, हार्बरच्या गाड्या जिथे वरच्या मजल्यावर थांबतात ते सँडहर्स्ट रोड स्टेशन, एवढंच आज तिथे आहे. या सखल पट्ट्यात एकेकाळी भरतीचं पाणी शिरायचं आणि त्या पाण्यानं मुंबई नावाचं बेट माझगाव नावाच्या बेटापासून तोडलेलं होतं, असं सांगितलं तर तिथे जन्म काढलेला माणूसही आधी हसेल.

नावाच्या उत्तरार्धावर वाद असायचं कारण नाही. कोकणपट्टीत वाढलेल्याला खाडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ओढ्याचं, वहाळाचं पाणी एकाच दिशेला जातं. खाडीचं दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. प्रश्न आहे तो पूर्वार्धाचा. आजची वस्ती डोळ्यांपुढे ठेवून नाव वाचलं की उमर हे सरळ माणसाचं नाव वाटतं. कुणी उमर नावाचा व्यापारी असेल, नाखवा असेल, जमीनवाला असेल, त्याची खाडी. दुसरं वाचन जुन्या अभ्यासकांचं आहे. १९०९-१० साली तीन खंडांत निघालेल्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमध्ये एस. एम. एडवर्ड्‌स यांनी उमरखाडी म्हणजे उंबराची खाडी असा अर्थ दिला आणि मुंबई व माझगाव यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्याचं हे मूळ नाव असल्याचं नोंदवलं.

आता गॅझेटिअरनं सांगितलं म्हणून मान तुकवावी असं मुळीच नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्युत्पत्त्यांत सोनं आणि भुसा एकाच पोत्यात असतो. म्हणून उंबराचा दावा ऐकीव न ठेवता तपासून पाहायचा, आणि तपासताना तीन साक्षीदार बोलवायचे: जमीन, उच्चार आणि शेजारची नावं. त्यात झाड स्वतः चौथा साक्षीदार म्हणून उभं राहतं आणि सुरुवातीला चक्क विरुद्ध बाजूनं बोलतं. ते पुढे येईलच.

पाणी कुठून येत होतं

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं शाळेत पाठ केलेली असतात. १६६१ च्या लग्नाच्या तहात ती पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली, १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला दहा पौंड खंडानं कंपनीला देऊन टाकली, हेही पाठ असतं. पाठ नसतं ते या बेटांमधल्या पाण्याचं रूप. सात बेटं म्हटली की खोल समुद्र आणि त्यात सुटे सुटे डोंगर असं चित्र डोळ्यांपुढे येतं. इथे प्रकार निराळा होता. बेटांच्या मधली बरीचशी जमीन ओहोटीला उघडी पडणारी, चिखलाची, खाजणाची होती. भरतीला ती समुद्राची, ओहोटीला माणसांची.

खाजणात भरती कशी येते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच पटेल. लाट येत नाही, गाज ऐकू येत नाही. आधी चिखलातल्या बारीक चिरा काळ्या होतात, मग खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे वर येतात. चरांच्या तळाशी एक पातळ, मातकट पाण्याची जीभ सरकताना दिसते, ती काडीकचरा पुढे ढकलत येते. थोड्या वेळानं चर काठोकाठ होतो आणि मग पाणी एकदम आडवं पसरतं. सकाळी टोपली डोक्यावर घेऊन ज्या वाटेनं माणूस सुक्या पायांनी गेलं, ती वाट दुपारी राहिलेलीच नसते. पाणी गुडघाभरच, पण सामान घेऊन जाणाऱ्याला अडवायला तेवढं पुरतं.

सगळ्यात मोठं भगदाड पश्चिमेला होतं, महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये. इंग्रज त्याला मोठी फूट, म्हणजे ग्रेट ब्रीच म्हणत. ब्रीच कँडी या नावातला ब्रीच तोच. कँडी हे आपल्या ‘खिंड’चं इंग्रजांच्या जिभेवर झालेलं रूप मानतात. या फुटीतून आत आलेलं भरतीचं पाणी आजच्या ताडदेव, मुंबई सेंट्रल, कामाठीपुरा, भायखळा या सखल भागात पसरायचं. पसरत पसरत ते कुठवर यायचं याची खूण पुन्हा एका नावातच आहे. पायधुणी. उत्तरेकडून मुंबईत शिरणारा माणूस इथला पाण्याचा ओघळ तुडवून यायचा आणि चिखलाचे पाय इथे धुवायचा. आज त्या जागेवरून जे. जे. उड्डाणपुलाखालची सगळी गर्दी जाते.

पायधुणीचं पाणी पश्चिमेचं. उमरखाडी होती पूर्वेच्या अंगाला, बंदराच्या बाजूला. दक्षिणेला डोंगरीचा चढ, उत्तरेला माझगावची टेकडी, आणि दोहोंच्या मधली खोलगट पट्टी म्हणजे खाडी. डोंगरी हे नाव तेव्हा आजच्यापेक्षा ऐसपैस होतं. डोंगरीचा जुना किल्ला ज्या उंचवट्यावर होता तो दक्षिणेला, आजच्या सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या बाजूला होता. इंग्रजांनी तो हटवून १७६९ मध्ये तिथे फोर्ट जॉर्ज बांधला. माझगावच्या टेकडीवरही किल्ला होता. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत १६८९ मध्ये शिवडीला उतरला, त्यानं माझगाव घेतलं आणि तिथून मुंबईला वेढा घातला. पुढच्या वर्षी निघून जाताना त्यानं माझगावचा किल्ला उडवून दिला. आज त्या भंडारवाड्याच्या टेकडीवर बाग आहे आणि बागेखाली पाण्याची टाकी. दोन बाजूंना दोन डोंगर आणि मध्ये हा सखल चिखल, असं नकाशावर ठेवून पाहिलं की माझगाव हे वेगळं बेट का मोजलं जात होतं ते कळतं.

मग खाडी गेली कुठे? एका दिवसात कुणी ती बुजवली नाही. अठराव्या शतकात बेटांमधल्या फुटी एकेक करत बांधांनी बंद होत गेल्या. सगळ्यात गाजलेला बांध पश्चिमेचा, हॉर्नबी वेलार्ड. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ मुंबईचा गव्हर्नर होता आणि परंपरेनं बांध पुरा झाल्याचं साल १७८४ धरतात. कंपनीची परवानगी नसताना त्यानं काम रेटलं, वरळीच्या पाण्यात देवीची मूर्ती सापडली तेव्हा कुठे बांध टिकला, या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या आहेत. खऱ्या-खोट्याचा निवाडा इथे करायची गरज नाही. (वेलार्ड हा शब्द पोर्तुगीज वळणाचा, त्याचा अर्थच बांध किंवा कुंपण.) मोठ्या फुटीचं पाणी थांबल्यावर मधल्या सखल जमिनी वाळत गेल्या, भराव पडत गेला, आणि त्यावर रस्ते आले. बंदराच्या बाजूनंही किनारा भरावानं पूर्वेकडे सरकत गेला. चिंचबंदर नावाच्या जागेपासून आज समुद्र दिसत नाही यावरून किती सरकला त्याचा अंदाज येतो.

जमिनीनं मात्र आपला सखलपणा सोडलेला नाही. मध्य मुंबईत जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी तुंबतं, कारण पावसाळी नाल्यांची समुद्राकडची तोंडं भरतीच्या पातळीखाली जातात. महापालिका दर पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधी जाहीर करते ते यासाठीच. कोकणात खारबंदिस्तीला जी उघाडी ठेवतात, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी झडप, तिचंच काम इथे पंप करतात.

म्हणजे जमिनीची साक्ष स्पष्ट आहे. इथे खाडी होती. ‘उमर’बद्दल जमीन अजून काही बोललेली नाही.

ओठांवरचा ब

‘उंबर’ असा शब्द सावकाश उच्चारून पाहा. म ला ओठ मिटतात, आणि ब ला तेच मिटलेले ओठ फट्‌कन उघडतात. दोन्ही अक्षरांना ओठांची एकच जागा. मागे आणखी एखादा शब्द जोडला आणि घाईत बोललं की तो फट्‌कन उघडण्याचा आवाज विरतो, नुसता म उरतो. उंबरखाडी, उम्मरखाडी, उमरखाडी. हे बोलताना कुणी ठरवून करत नाही.

याला पुरावे हवेत तर शोधायला लांब जायला नको. कदंबाचा कदम झाला. हिंदीतल्या झाडाचंही तेच आणि आपल्या आडनावाचं मूळही कदंब घराण्याशी जोडतात. निंबाचा हिंदीत नीम झाला. खुद्द उंबराचं पाहिलं तर बुंदेलखंडाकडे या झाडाला ऊमर म्हणतात आणि गुजरातीत उंबरो आणि उमरो अशी दोन्ही रूपं आहेत. महत्त्वाचा दाखला मुंबईच्या उत्तरेला, रेल्वेमार्गावरच आहे. मराठीत ज्याला आपण उंबरगाव म्हणतो तेच गाव गुजरातीत उमरगाम. एकच गाव, एकच झाड, आणि ब एका भाषेत राहिला, दुसरीत गेला. इकडे खानदेशात चाळीसगावजवळ उंबरखेड आहे आणि विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड. अठरापगड बोली एकत्र आलेल्या मुंबईत, जिथे मराठी आणि गुजराती दोन्ही बाजारात कानांवर आदळत होत्या, तिथे उंबराचा उमर होणं ही काही ओढूनताणून लावलेली गोष्ट ठरत नाही.

त्यात पुन्हा इंग्रज कारकून. त्यांच्या लिपीत आपला ड बसत नाही, म्हणून कधी त्याचा र होतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कागदांत उमरखाडीचं ‘ऊमरकॅरी’ झालेलं दिसतं. असल्या रूपावरून मूळ शोधणं म्हणजे डाक्टराच्या अक्षरावरून रोग ओळखण्यासारखं आहे. या कागदांचा उपयोग एवढाच की तोपर्यंत ब लोकांच्या तोंडातून गेलेला होता हे त्यांवरून समजतं.

उच्चाराची साक्ष उंबराला अनुकूल, पण ती पुरेशी नाही. उंबराचा उमर होऊ शकतो एवढंच तिनं दाखवलं. उमर नावाच्या माणसाचाही उमरच राहतो.

झाडाची हरकत

इथे उंबर स्वतः आडवा येतो. उंबर खाऱ्या पाण्यातलं झाड नव्हे. खाडीच्या चिखलात उभी राहतात ती तिवरं, कांदळ, चिपी. उंबराला ओल लागते, पण गोडी. ओढ्याकाठी, झऱ्यापाशी, विहिरीच्या कडेला तो फोफावतो. बुंध्यालाच, जाड फांद्यांनाच फळांचे घोस लगडलेले. पिकून तांबडी झालेली फळं खाली पडून चेचली की त्यांतून बारीक किडे बाहेर येतात आणि सगळ्या जमिनीवर आंबूस वास पसरतो. पक्षी, माकडं, वटवाघळं यांची चंगळ. उंबर दिसला की खाली पाणी आहे असं विहीर खोदणारे सांगतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानंही जमिनीखालचं पाणी दाखवणाऱ्या झाडांत उंबर घातला आहे. मग खाऱ्या खाडीला गोड्या पाण्याच्या झाडाचं नाव कसं?

गॅझेटिअरनं या प्रश्नाला हात घातलेला नाही. मला मात्र ही हरकत उंबराच्या दाव्याला धक्का न देता उलट बळकट करते असं वाटतं. कारण सरळ आहे. तिवराचं नाव खाडीला कुणी देणार नाही. तिवरं प्रत्येक खाडीला असतात, त्यावरून एक खाडी दुसरीपासून वेगळी ओळखता येत नाही. नाव पडतं ते वेगळेपणावरून. दोन्ही बाजूंना डोंगर, डोंगरांच्या पायथ्याशी पाझरणारं गोडं पाणी, आणि तिवरांच्या बुटक्या हिरव्या पट्ट्यावर डोकं काढून उभा असलेला एक मोठा उंबर. होडीवाल्याला ही खूण लांबून दिसते आणि तिचा अर्थ एवढाच की इथे उतरलं तर प्यायला पाणी मिळेल. खाडीकाठच्या माणसाला यापेक्षा उपयोगी बातमी दुसरी नाही. जवळच खारा तलाव नावाचा विभाग आहे, त्याच बी वॉर्डाच्या शेजारच्या सी वॉर्डात. तळ्याचं पाणी खारट निघालं तेही लोकांनी नावातच नोंदवून ठेवलं. ज्या टापूत पाण्याची चव नावात जाते, तिथे गोड्या पाण्याच्या झाडानं खाडी ओळखली जाणं स्वाभाविक म्हणायचं.

दुसरी गोष्ट, उंबर तोडत नाहीत. दत्ताचं झाड म्हणून त्याला हात लावायला लोक कचरतात. सांगली जिल्ह्यात तर गावाचंच नाव औदुंबर आहे. आंबा म्हातारा झाला की सरपण होतो, उंबर आपला पडेपर्यंत उभा. पिढ्यान्‌पिढ्या जागेवर राहणारी खूण नावाला टिकवते. अर्थात डोंगरीच्या पायथ्याचा उंबर कुणी पाहून लिहून ठेवलाय असा माझा दावा नाही. हा नावावरून मागे जात केलेला तर्क आहे आणि तर्क म्हणूनच तो घ्यावा.

शेजारीपाजारी

नाव एकटं तपासलं तर फसवतं, म्हणून आजूबाजूची आळी पाहायची. उमरखाडीला लागून चिंचबंदर. थोडं पश्चिमेला भेंडी बाजार, भेंडीच्या म्हणजे रानभेंडीच्या झाडांवरून. (इंग्रज लोक ‘बिहाइंड द बझार’ म्हणायचे, त्याचं भेंडी बाजार झालं, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. तिच्यात मजा आहे, पुरावा नाही. झाड डोळ्यांपुढे असताना लोकांनी इंग्रजी वाक्य कशाला उचलावं?) पलीकडे चिंचपोकळी, फणसवाडी, ताडदेव, बाबुलनाथ, वडाळा. जुन्या मुंबईची अर्धी नावं झाडांच्या सावलीत बसलेली आहेत. त्या यादीत उंबर अगदी आपल्या जागी बसतो.

उलट बाजूनंही पाहू. कोकणातल्या खाड्यांची नावं घ्या: वसई, ठाणे, माहीम, धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, आचरा. एकूण एक नाव काठावरच्या गावाचं, बंदराचं किंवा किल्ल्याचं. खाडी ही कुणाच्या मालकीची मानलीच जात नव्हती. मासे मारायचा हक्क असे, तर म्हणजे पलीकडे नेणारी होडी चालवायचा, जकात घ्यायचा अधिकार असे, पण अमक्याची खाडी असं नाव ऐकू येत नाही. वाडी माणसाची असते, गल्ली, चाळ, मोहल्ला माणसाचा असतो, तलावसुद्धा दानशूराच्या नावानं असतो. खाडीला काठाचं नाव. या चालीत उमर नावाच्या माणसाची खाडी एकटी पडते, आणि उंबरापाशी असलेल्या उतारावरून पडलेलं नाव सगळ्यांच्या रांगेत बसतं. मला विचाराल तर निकाल इथेच लागतो.

जुनी मशीद आणि नवा वाचक

तरीही उमर हे माणसाचं नाव आहे असं वाटतं ते का, हे पाहण्यासारखं आहे, कारण हीच चूक याच टापूत दुसऱ्या एका नावाबद्दल सर्रास होते. मशीद बंदर, आणि मध्य रेल्वेचं मस्जिद स्टेशन. आजूबाजूला मुसलमान वस्ती, तेव्हा नाव मशिदीवरून पडलं असणार असं जाणारा-येणारा धरून चालतो. प्रत्यक्षात हे नाव ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडल्याचं सांगितलं जातं. सॅम्युएल दिवेकर या बेने इस्रायली सरदारानं १७९६ मध्ये इथे ‘शार हारहमिम’, म्हणजे दयेचं द्वार, हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. पुढे दुसरी झाली तेव्हा ही ‘जुनी मशीद’ झाली. दिवेकरांच्या नावाची सॅम्युएल स्ट्रीट अजून तिथे आहे.

उमरखाडी आणि मशीद बंदर ही दोन्ही नावं एकाच कारणानं चुकीची वाचली जातात. नाव पडलं तेव्हा तिथे कोण होतं, काय होतं हे न पाहता आज कोण राहतं त्यावरून अर्थ लावला जातो. उमरखाडीत तर हे आणखीच फसवं, कारण भराव झाल्यावर या पट्ट्यात नाना लोक येऊन राहिले. कोकणी मुसलमान, मेमन, खोजे, बेने इस्रायली, ख्रिस्ती, घाटावरून आलेले कामकरी. नाव त्या सगळ्यांच्या आधीचं. त्यांच्यातल्या कुणाही एकाला ते चिकटवणं हे इतर सगळ्यांवर अन्याय करण्यासारखं आहे, आणि सध्याच्या दिवसांत नावावरून जी ओढाताण चालते ती पाहता हे आधीच स्पष्ट करून ठेवलेलं बरं. उद्या कुणी उठून उमरखाडीचं नाव ‘परकं’ आहे म्हणून बदला म्हणाला, तर तो दत्ताच्या झाडाचं नाव पुसायला निघालेला असेल, आणि त्याला ते कळणारही नाही.

खाडी गेली तरी नाव का टिकलं

बुजलेल्या खाड्यांची नावं सहसा बुजतात. उमरखाडीचं राहिलं त्याला कारण झालं सरकार. १८०४ मध्ये इथे तुरुंग बांधला गेला आणि सरकारी कागदांत तो उमरखाडीचा तुरुंग म्हणून नोंदला गेला. तुरुंगाचा पत्ता, वॉरंटावरचा पत्ता, नगरपालिकेच्या विभागाचं नाव, जनगणनेचा तक्ता, अशा एकातून दुसऱ्यात ते नाव चालत आलं. मांडवी, चकला, उमरखाडी, डोंगरी हे बी वॉर्डाचे चार जुने विभाग.

मराठी वाचकाला हा तुरुंग दुसऱ्या नावानं ठाऊक आहे. कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिलं, आणि त्यामुळे मराठीत हा तुरुंग कायमचा ‘डोंगरीचा’ झाला. सरकारी कागदांत उमरखाडी, मराठी आठवणीत डोंगरी. पुढे इथे मुलांसाठीचं निरीक्षणगृह, म्हणजेच रिमांड होम, आलं आणि मुंबईत ‘डोंगरीला टाकीन’ ही पोरांना घालायची धमकी होऊन बसली. एकाच भिंतीला दोन नावं, एक डोंगराचं आणि एक खाडीचं. उंच आणि सखल जिथे भेटतात तिथेच ती भिंत आहे, हे ध्यानात घेतलं तर दोन्ही नावं आपापल्या परीनं बरोबर आहेत.

डोंगरी जिंकली आणि उमरखाडी मागे पडली यात नवल नाही. डोंगरीला गुन्हेगारीच्या बातम्यांनी, सिनेमांनी वलय दिलं. उमरखाडीला तसलं काही मिळालं नाही. टॅक्सीवाल्याला उमरखाडी म्हणालात तर तो ‘डोंगरी के पास?’ असं उलट विचारण्याची शक्यता जास्त.

तेव्हा या जागी माहितीचा फलक लावायचाच झाला, आणि शहरात असे फलक हल्ली लागतात, तर तो पायधुणी, उमरखाडी आणि चिंचबंदर अशा तिन्ही जागी एकमेकांना जोडून लावावा असं माझं म्हणणं आहे. एकट्या उमरखाडीचा फलक वाचून कुणाला पाणी दिसणार नाही. पश्चिमेचं पाणी इथवर यायचं म्हणून पायधुणी, पूर्वेचं इथवर म्हणून उमरखाडी, आणि होड्या चिंचेखाली लागायच्या म्हणून चिंचबंदर, एवढं तीन ओळींत लिहिलं की पुरे. फलकावर मराठीत ‘उंबर’ हा शब्द ठळक हवा, आणि शेजारी जागा असेल तर एक रोप. पण ते मुख्य रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या कुंडीत नको. उंबराची मुळं पाण्याच्या शोधात ड्रेनेजचे पाइप फोडतात, आणि मग फलक लावणाऱ्यांनाच वॉर्ड ऑफिसात खेपा घालाव्या लागतील. रिमांड होमच्या आवारात तेवढी जागा निघू शकेल.